धबधब्यापाशी संडास बांधायचा म्हणजे

गेल्या पावसाळ्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की तुम्ही त्या कर्जत लाईनवरच्या धबधब्यापाशी वाट, संडास, कपडे बदलायची खोली हे सगळं जमवलं तरी कसं, आमच्या गावाजवळ पण एक आहे, आम्हालाही करायचंय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो. धबधब्याचं नाव लिहिणार नाही, विचारू पण नका. नाव लिहिलं की पुढच्या रविवारी अजून पाच बस येणार, आणि जी काय सोय झालीये ती आत्ताच्या गर्दीलाच जेमतेम पुरते. ज्यांना माहितीये त्यांना वर्णनावरून कळेलच.

आम्ही म्हणजे भांडुप, कांजूर, मुलुंडकडचा ट्रेकचा जुना ग्रुप. कोणी बँकेत, कोणी बीएमसीत, दोघी शाळेत शिकवतात, एक जण सिव्हिल इंजिनिअर, मी स्वतः अकाउंट्सवाला. संस्था नाही, रजिस्ट्रेशन नाही, लेटरहेड नाही, फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप. हे पुढे पैशाच्या वेळी आडवं आलं ते सांगतोच.

विषय निघाला परतीच्या लोकलमध्ये. आम्ही सगळे नेहमीप्रमाणे पाणी किती भारी होतं, धार कशी फुटली होती वगैरे चालू, आणि ग्रुपमधली एक ताई, शाळेत शिकवते ती, म्हणाली की तुम्ही लोक झाडामागे जाऊन मोकळे होता, आम्ही सकाळी घरातून निघाल्यापासून घोटभर पण पाणी पीत नाही, का तर मधे जायला लागू नये म्हणून. आणि ओले कपडे बदलायचे तर दोघीजणी चादर धरून उभ्या राहतात, पलीकडे पन्नास पोरं मोबाईल काढून. इतकी वर्षं सोबत फिरतोय आणि हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं, म्हणजे माहीत असून डोक्यात नव्हतं म्हणा. तिने पुढे विचारलं की तिथे एक संडास बांधायला काय लागतं रे? इंजिनिअर म्हणाला, दोन आठवड्यांचं काम आहे. बांधकामाचं म्हणाल तर तो बरोबर होता. बाकीचं पुढे वाचा.

आधी बंदीचं. दर पावसाळ्यात धबधब्यांवर जायला मनाई आदेश निघतो, पूर्वी कलम १४४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १६३ झालं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी डॅमच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ सगळ्यांनीच बघितला असेल, त्याच्यानंतर तर आदेश जास्तच कडक झाले. खारघरचा पांडवकडा आपल्या इतक्या जवळ, पण पावसाळ्यात तिथे जाऊच देत नाहीत, कारण तिथे बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतायत. आता माझं मत विचाराल तर बंदी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, मुंबईकराला पाणी दिसलं की अक्कल गहाण टाकायची सवय आहे, त्यात मी पण आलो. पण नुसती बंदी घातली की पुढच्या रस्त्यावर पोलिस उभे असतात आणि पोरं मागच्या डोंगरावरून उतरतात, ती वाट चौपट धोक्याची, आणि वर गेल्यावर सांगायला ना गाईड ना वनरक्षक. म्हणून आम्ही ठरवलं की मागणी अशी करायची, ज्या दिवशी पाऊस झेपण्यासारखा आहे त्या दिवशी एकाच वाटेने, मोजून माणसं, पावती फाडून, आणि ज्या दिवशी नाही त्या दिवशी पूर्ण बंद. ह्याच्यावरच पुढच्या सगळ्या चर्चा झाल्या.

मग जमीन. इथे ज्यांना काही करायचंय त्यांनी नीट वाचा. धबधबा एकच दिसतो पण त्याच्याखाली मालक किती आहेत ते सातबारा काढल्याशिवाय कळत नाही. आम्ही महाभूनकाशावरून गट नंबर शोधले, तलाठ्यांकडून उतारे काढले, गावाचा नकाशा घेतला, आणि डायनिंग टेबलवर पसरून रंगीत पेनाने रेघा मारल्या. खालची वाट चार शेतकऱ्यांच्या भाताच्या बांधांवरून जाते, म्हणजे मालकीची. मधला तुकडा गावठाणाचा, ग्रामपंचायतीच्या ताब्यात. ओढा सरकारी. आणि धार, डोह, वरचं पठार सगळं वनखात्याचं राखीव वन. आम्हाला संडासासाठी जी जागा एकदम पसंत पडली होती, सपाट, आंब्याखाली, डोहापासून हाकेच्या अंतरावर, तिच्या उताऱ्यावर इतर हक्कात ‘खाजगी वने’ अशी नोंद निघाली. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यानंतर कोकणात अशा नोंदी असंख्य सातबाऱ्यांवर चढल्यात, शेतकरी कसतोय, झाडं त्याच्या आज्याने लावलेली, पण कागदावर वन. त्या जागेचा नाद तिथेच सोडला.

वनजमिनीवर बांधायचं तर वन संवर्धन कायदा, १९८० चा. वनेतर कामाला केंद्राची परवानगी लागते. २०२३ च्या दुरुस्तीत इको टुरिझमच्या सोयींना थोडी वाट ठेवलीये, पण ती सोय वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे वर्किंग प्लॅनमध्ये, आधीपासून लिहिलेली पाहिजे, तुम्ही आम्ही अर्ज केला म्हणून होत नाही. मग कोणीतरी सांगितलं की वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन गावच्या सोयींना मिळते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत ही अट. ते खरंय, पण त्यातल्या यादीत शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची पाईपलाईन, रस्ता असं आहे, पर्यटकांचा संडास नाही. वनक्षेत्रपाल साहेबांना भेटलो तेव्हा ते हसून म्हणाले, “अहो, डोहाच्या डोक्यावर शोषखड्डा खणून तुम्ही तेच पाणी खालच्या वाडीला पाजणार का?” हे आमच्या डोक्यात खरंच आलं नव्हतं. तो ओढा पुढे जाऊन वाडीच्या विहिरीशेजारून वाहतो. त्या एका वाक्याने जागेचा प्रश्न सुटला. संडास आणि कपडे बदलायची खोली खाली गावठाणात, जिथे वाहनं थांबतात तिथे, आणि वर जंगलात काहीही बांधायचं नाही, फक्त वाट दुरुस्त. लोकांना वाटतं सोय म्हणजे धारेच्या शेजारी. उलट आहे. धारेशेजारी जेवढं कमी कराल तेवढं बरं, आणि माणूस वर जायच्या आधी आणि खाली आल्यावर त्याला जे लागतं ते खाली द्या.

ग्रामसभा १ मेची. आम्ही चौघं गेलो, इंजिनिअरने रंगीत प्रिंट काढून नेलेल्या, सरपंच ताईंनी छान प्रस्तावना केली. सगळं ऐकून घेतल्यावर मागे भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे काका म्हणाले, “समदं झ्याक हाय. तुमी रविवारी येनार, मंग सोमवारी त्यो धुनार कोन?” सगळी सभा हसली, आम्ही पण हसलो, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. काका काही चुकीचं बोलत नव्हते, समाजमंदिराच्या मागे कुठल्यातरी जुन्या योजनेतला एक संडास होताच, दाराला गंज, आत सरपण भरलेलं. पाणी नाही, माणूस नाही, झालं तिथे कोठार.

तर ठराव त्या दिवशी बांधकामाचा झालाच नाही. मी अकाउंट्सवाला असल्यामुळे माझ्यावर काम आलं की सीझनचा जमाखर्च आधी मांडून दाखवा. पाड्यावरच्या दोन बायांना जून ते सप्टेंबर पगार, फिनेल, झाडू, पाण्याची मोटार नाही लागली तरी पाईप-तोट्या, फुटलेल्या कड्या, पावती पुस्तकं, शिट्ट्या, दोर. समोर जमा म्हणजे माणशी वीस रुपये आणि पार्किंग. गर्दी अर्धी धरली, पावसाचे बंद दिवस वजा केले, तरी खर्च निघत होता. संडासाचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत हे शाळेतल्या ताईने ठामपणे सांगितलं, पाच रुपये लावले की पुरुष झाडामागे जातात आणि बाया सुट्टे शोधत बसतात, वीसमध्येच सगळं धरा. पैसे गोळा करणार कोण तर गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती, म्हणजे गाव आणि वनखातं मिळून जंगल सांभाळायची समिती, कागदावर होतीच, वनपाल तिचे सचिव, तिचं बँकेतलं खातं झोपलेलं, ते केवायसी करून जागं केलं. हे सगळं दाखवल्यावर पुढच्या सभेत ठराव झाला, आणि त्या काकांनीच अनुमोदन दिलं.

पैसा कुठून आला हे सगळ्यात जास्त विचारतात. संडास झाला तो ग्रामपंचायतीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता ह्याच्यासाठीच वापरायचा, त्यातून रस्ता करता येत नाही. ह्याला एकच गोम आहे, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी चढलेलं पाहिजे. आराखड्यात नाव नसेल तर विषय संपला, पुढच्या वर्षी या. आमची तीच गत झाली आणि त्यात एक अख्खा पावसाळा गेला. वाटेसाठी आणि जीवरक्षक सामानासाठी लोअर परळच्या एका कंपनीच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामांना पैसे देणाऱ्या विभागाकडे, गेलो. तिथली मुलगी फार चांगली होती, सगळं मन लावून ऐकलं आणि मग विचारलं, तुमचा सीएसआर-१ नंबर काय? म्हणजे पैसे घेणारी संस्था कंपनी खात्याकडे रजिस्टर लागते, सोबत इन्कम टॅक्सची १२ए, ८०जी नोंदणी. आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप. शेवटी त्याच भागात आरोग्याचं काम करणाऱ्या एका ट्रस्टने त्यांच्यामार्फत पैसे घेतले आणि हिशोब मी ठेवला. तिसरं म्हणजे ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा प्रस्ताव, तो जिल्हा नियोजन समितीकडे जातो, मंजूर झाला की जिल्ह्याच्या निधीतून कामं घेता येतात. तो प्रस्ताव एका ऑफिसात इतका काळ पडला होता की चौकशीला गेलो तर फाईलवर कोणीतरी चहाचा कप ठेवायला लागलं होतं, गोल डाग मी स्वतः बघितला. माहितीचा अधिकार टाकल्यावर आठवड्यात हलली. टाकायला आवडत नाही, पण टाकावा लागतो.

वाटेवरून मात्र मजा झाली. जुनी वाट बांधांवरून, आणि गर्दी नेमकी जून-जुलैत, लावणीच्या दिवसात. एक मावशी सांगत होत्या की रोपं काढून मुठी बांधून बांधावर ठेवल्या की शहरातली पोरं त्यावर सॅक ठेवून फोटो काढतात, एकाने तर तव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, बाईक घातली. त्यांनी दगड मारले नाहीत हेच नशीब. त्यामुळे आम्ही बांध सोडून कडेची जुनी पाणंद साफ करून घेतली, थोडा वळसा पडतो पण कोणाच्या शेतातून नाही.

वर जंगलातल्या चढाला इंजिनिअरला आरसीसी पायऱ्या पाहिजे होत्या, कंपनीलाही तेच आवडलं असतं कारण फोटोत छान दिसतं. पाड्यावरच्या गवंडी दादांनी ऐकून घेतलं आणि त्याला ओढ्यावरच्या जुन्या सिमेंटच्या फरशीवर उभं केलं, चप्पल घालून. पहिल्याच पावलाला घसरला. सावलीतलं सिमेंट पावसात आठ दिवसांत बुळबुळीत होतं, ह्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, ऊन लागतच नाही. खडबडीत काळा दगड हातघडीचा, चुना-सिमेंट न लावता रचलेला, त्याच्यावर शेवाळ कमी धरतं आणि धरलं तरी पायाला पकड मिळते. दादांची पद्धत अशी, प्रत्येक पायरी पुढच्या बाजूला बोटभर उतरती म्हणजे पाणी साचत नाही, आणि दर काही पायऱ्यांनी वाटेला आडवी दगडी मोरी, म्हणजे डोंगराचं पाणी वाटेवरून वाहत न येता बाजूला निघून जातं. वाट जिथे जिथे तुटते तिथे माणसांनी नाही, पाण्यानेच तुटते, हे मला त्यांच्याकडून कळलं. रेलिंग सगळीकडे लावलं नाही. एकच कोपरा वाईट आहे, कातळ बाहेरच्या बाजूला कलतो, तिथे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप, बाकी ठिकाणी काही नाही. शेवाळ काढायला ब्लिचिंग पावडर टाकू नका असंही वनरक्षकांनी बजावलं, ते थेट ओढ्यात जातं, मासे-खेकडे मरतात. तारेच्या ब्रशने घासायचं, दर बुधवारी, पाड्यावरची पोरं करतात.

खोलीच्या नकाशाचं सांगितलं पाहिजे. आमच्यातल्या पुरुषांनी काढलेला नकाशा म्हणजे चार भिंती, दार, वर पत्रा. तो घेऊन दोघी शिक्षिका पाड्यावरच्या बायांकडे बसल्या आणि अर्ध्या तासात त्याच्यावर लाल पेनाने इतकं लिहून आलं की विचारू नका. खुंटी कुठाय? एक नको, तीन पाहिजेत, एक ओल्या कपड्याला, एक कोरड्याला, एक पर्सला. बसायला कोरडा कट्टा, कारण एका पायावर उभं राहून ओली लेगिंग काढून दाखवा. झरोका डोक्याच्या वर, बाहेरून कोणी दगडावर चढलं तरी दिसता कामा नये. कडी आतून, आणि ती कडी लोखंडी पट्टीची, बाजारातली ॲल्युमिनियमची नको. दाराखालची फट बंद. कचऱ्याचा झाकणाचा डबा आतमध्ये, बाहेर नाही, पॅड हातात धरून कोणी बाहेर येणार नाही. संडासात एक भांडं कमोडचं, गुडघेवाल्यांसाठी, बाकी देशी. आता ते सगळं तसंच आहे.

संडास दोन खड्ड्यांचा आहे, एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिला तसाच झाकून ठेवला की वर्षा-दीड वर्षात आतलं खत होतं. पण आपल्याकडे जुलैत जमिनीतलं पाणी एवढं वर येतं की खड्डा खालूनच भरतो. म्हणून गावठाणातला उंचवटा निवडला आणि अजून भराव करून वर घेतला. पाण्याला काही करावं लागलं नाही, पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीने हजार लिटरच्या टाकीत. सीझन पावसाचाच असल्यामुळे टाकी कधी रिकामी झाली नाही. ऑक्टोबरनंतर टाकी कोरडी, पण तेव्हा माणसं पण नसतात, कुलूप लावून किल्ली समितीकडे.

डोहाचं जरा जास्त लिहितो कारण माणसं तिथे मरतात. ट्रेनिंगला खोपोलीकडची रेस्क्यू करणारी पोरं आली होती, त्यांनी पाड्यावरच्या मुलांना आणि आम्हालाही समजावलं. धारेखालचं पांढरं फेसाळ पाणी बघून वाटतं इथे मजा, पण त्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात अंग तरंगत नाही, पट्टीचा पोहणारा सुद्धा खाली जातो, आणि पडणारं पाणी तळाशी जाऊन वर येताना परत धारेकडेच ओढतं. धारेपासून लांब, जिथे पाणी हिरवं आणि शांत, तिथे कंबरेपर्यंत ठीक. दुसरं, पाऊस वरच्या पठारावर पडतो आणि खाली ऊन असतं, तरी पाणी अचानक वाढतं. आधी गढूळ होतं, मग पाला, काटक्या यायला लागतात, धारेचा आवाज जाड होतो. हे दिसलं की सामान उचलायचं नाही, माणसं उचलायची. त्यांनी डोहाच्या काठच्या कातळावर लाल पट्टा मारून दिला, पाणी पट्ट्याला लागलं की शिट्टी, सगळे बाहेर, वाद नाही. पट्टा कुठे मारायचा ते पाड्यावरच्या लोकांनी सांगितलं, त्यांना माहीत होतं की पाणी इथवर आलं की ओढा ओलांडता येत नाही, आणि माणसं पलीकडे अडकतात. काठावर रिंग आणि फेकायचा दोर टांगलेला असतो. दोर फेकायला शिका, पाण्यात उडी मारू नका, एकाला वाचवायला गेलेले दोघं जातात ते असेच.

आणि बोर्ड. ‘सावधान, खोल पाणी’ एवढंच लिहिलेला बोर्ड आजवर कोणी वाचून परत गेल्याचं मला माहीत नाही. आमच्या बोर्डावर १०८ आणि ११२ आहे आणि त्याच्याखाली रेंज कुठे मिळते ते बाण काढून लिहिलंय, कारण डोहाजवळ कुठल्याच कंपनीची रेंज नाही, वाटेवर परत येऊन मोठ्या वडाखाली उभं राहिलं की दोन कांड्या येतात. हा बाण काढायचं पाड्यावरच्या एका दहावीतल्या पोराने सुचवलं.

सेल्फी पॉईंटवरून वाद झालाच. गावातल्या तरुण मंडळाला गावाच्या नावाचा लाल बदामवाला ‘आय लव्ह’ बोर्ड, पेव्हर ब्लॉक आणि रंगीत लायटिंग पाहिजे होतं. वनपाल म्हणाले लायटिंगचं नावच काढू नका, संध्याकाळी पाचनंतर वर माणूस ठेवायचाच नाहीये. बदाम मात्र झाला, पार्किंगपाशी. मला तो अजिबात आवडत नाही पण लोक तिथे वीस मिनिटं थांबतात आणि तेवढी वरची गर्दी कमी होते, म्हणून गप्प बसलोय.

पहिला सीझन कसा गेला? शनिवार-रविवार वर एका वेळी किती माणसं सोडायची हे वनरक्षकांनी ठरवून दिलं, तेवढे वर गेले की खाली थांबायचं. थांबलेले लोक मावशींकडे मका, भजी, चहा घेतात, त्यामुळे रांगेबद्दल गावाची तक्रार नाही, तक्रार मुंबईकरांची. काचेची बाटली वर न्यायचीच नाही, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून पन्नास रुपये डिपॉझिट, बाटली परत दाखवली की पैसे परत. हे इतकं चाललं की पाड्यावरची पोरं जुन्या पडलेल्या बाटल्या शोधून आणायला लागली आणि आम्हाला बाटलीवर स्केच पेनने खूण करायची वेळ आली. दारू पूर्ण थांबली असं नाही. एका रविवारी खोलीच्या दाराची कडी कोणीतरी उपटली, लोखंडी असून. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असला की डोह बंद आणि फक्त खालून बघायचं, रेड असला की सगळंच बंद. त्या दिवशी येणारे सगळ्यात जास्त भांडतात, आम्ही बोरिवलीवरून आलोय, आम्ही ठाण्यावरून गाडी काढून आलोय. आलात ना, भजी खा.

खालून बघायचं म्हणजे काय तर गावाबाहेर एक मोकळी टेकडी आहे, तिथून अख्खी धार समोर दिसते. तिथे सपाट करून बाकं टाकायची आणि गाडी थांबते तिथपासून रॅम्प. वर चढणं सगळ्यांना जमणार नाही, माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत, एक मित्र व्हीलचेअरवर आहे. रॅम्पचा उतार एकास बारा पाहिजे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. गवंडी दादा म्हणाले, एवढा लांब? मग मित्राला खुर्चीसकट तिथे नेलं आणि जुन्या उतारावर दोघांना त्याची खुर्ची ढकलायला लावली, तेव्हा पटलं.

हे रॅम्पचं काम आता ह्या उन्हाळ्यात होणार, पैसे तीच लोअर परळची कंपनी देतेय. फक्त त्यांना तिथे बोर्ड पाहिजे, आठ बाय चार फुटाचा, नेमका धबधबा दिसतो त्या बाजूला, म्हणजे फोटोत लोगो यावा. ग्रामसभेत विषय गेला, तेच काका उठले, म्हणाले मंग धबधबा कुटं बसवायचा? ठराव झाला दोन बाय तीन, बाकाच्या पाठीमागे, त्याच्यावर एक इंच नाही. कंपनीच्या मुलीचा परवा मेल आला, साहेब तयार आहेत, पण तीन बाय चार होईल का बघा.